टेअर वजा जाता

६ जानेवारी १९९२, सोमवार

कंपनीने चाळिशीवरच्या सगळ्या ऑफिसरांचं रक्त तपासलं. माझा रिपोर्ट: कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३४. पहिल्या दोन चरब्या जास्त. तिसरी जास्त असलेली चांगली, तर ती नेमकी कमी. एकवीस वर्षं डिस्पॅच सांभाळतो आहे. स्वतःच्याच गोदामात असा गोंधळ असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, डॉ. मोटवानींकडे. बायकोला घेऊन या, स्वयंपाक ती करते, असा त्यांचा निरोप होता. म्हणून कुंदा बरोबर.

त्यांनी स्प्रिंगच्या काट्यावर उभं केलं. ८८. कपड्यांसकट, असं मी लगेच निदर्शनास आणलं. ते म्हणाले, रणदिवेसाहेब, कपडे काय चिलखत आहेत?

मग वडिलांबद्दल विचारलं. मी म्हटलं, नाहीत. कधी गेले? एकोणपन्नासाव्या वर्षी. कसे? हे मी सांगायच्या आत कुंदाने सांगितलं. आंघोळीला गेले होते. आतून कडी होती. दार फोडावं लागलं. आमच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते, तिने पाहिलं होतं.

मला ९ जूनला एकोणपन्नास पूर्ण होतात. हे डॉक्टरांनी केसपेपरवरून स्वतःच वाचलं. मग त्या तारखेखाली रेघ मारली.

त्यांचं म्हणणं असं. दहा किलो उतरवा. महिन्याला दोन, जास्त घाई नको. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी खाली येईल. कोलेस्टेरॉल येईल, पण थोडं. एचडीएल शेवटी सुधारेल, वजन स्थिर झाल्यावर. आणि मधेच रक्त तपासू नका. झटपट उतरवलंत तर चरबी वितळताना कोलेस्टेरॉल काही दिवस उलट चढलेलंही दिसतं. वजन महिनाभर एका जागी राहू द्या, मग या.

दहा किलो. मी रोज दहा टन रवाना करतो.

७ जानेवारी

आजपासून वजन स्वतःच्या काट्यावर. डॉक्टरांचा काटा स्प्रिंगचा, त्याच्यावर सरकारी शिक्का नाही. आमच्या डिस्पॅचचा प्लॅटफॉर्म काटा दरवर्षी वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर येऊन तपासतो.

काटेवाला भगवान. आठ वर्षं माझ्या हाताखाली. त्याने वजन मोठ्याने वाचलं, ८७.८. मी म्हटलं, हे ग्रॉस. रंगाच्या पुडीचा डबा तोलतो तेव्हा रिकाम्या डब्याचं वजन, म्हणजे टेअर, वजा करतो की नाही? मग माणसाला वेगळा न्याय का?

टेअर: बूट ०.९, कपडे ०.७, किल्ल्या, चष्मा, पेन, ही डायरी मिळून ०.३. एकूण १.९.

नेट ८५.९. एका दिवसात दोन किलोंपेक्षा जास्त उतरलो.

९ जानेवारी

निश्चय.
१. तळलेलं बंद.
२. संध्याकाळी बदलापुरात कात्रप ते शिरगाव चालणे, जाऊन येऊन.
३. सकाळी वजन उचलणे.

तिसऱ्यासाठी काटा तपासायची दहा दहा किलोची दोन लोखंडी वजनं पिशवीतून घरी आणली. ती रोज सकाळी काट्यावर ठेवायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम आहे. पण काटा एकवीस वर्षांत कधी चुकला नाही. माझी प्रकृती चुकली आहे. गरज जिथे, तिथे वजन.

कंपनीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली होती. पाय बधिर झाले. हाही व्यायामच.

१० जानेवारी

वजनं पाच वेळा उचलली.

११ जानेवारी

दोन वेळा.

१३ जानेवारी

पाठ. कुंदाने एक वजन स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, वाऱ्याने आपटतं म्हणून. दुसरं पिठाच्या डब्याच्या झाकणावर. मी हरकत घेतली नाही. पाठ बरी झाली की परत घेऊ.

१७ जानेवारी

संक्रांतीचे लाडू. तीळ औषधी असतात. गुळात लोह.

कुंदाशी वाद. ती म्हणते आंघोळ करताना कडी लावू नका. मी विचारलं, का? ती म्हणाली, काही नाही, नका लावू. मी म्हटलं, दीड खोलीच्या घरात माणसाला एक कडी तरी स्वतःची हवी. पण आता मी आत गेलो की दर दोन मिनिटांनी बाहेरून विचारते, अहो, झालं का? मी ओ देतो. अंगाला साबण लावताना सुद्धा हजेरी.

२७ जानेवारी

ग्रॉस ८७. टेअर २.५. नेट ८४.५.

टेअरमध्ये दुपारचं जेवण धरलं, ०.६. पोटातलं जेवण म्हणजे रस्त्यातला माल. तो स्टॉकमध्ये कोणी धरत नाही.

भगवान म्हणाला, साहेब, सकाळची कसोटी राहून जातेय, दहाची वजनं कुठं दिसत नाहीत. मी म्हटलं, वजनांचीही तपासणी होते, ती तिकडे गेली आहेत. रजिस्टरमध्ये सही मी करतोच आहे.

३ फेब्रुवारी

ऑफिसमध्ये वाकलो असताना पँटचं बटण तुटून हेमचंद्रच्या चहात पडलं. हेमचंद्र प्रॉडक्शन मॅनेजर. तो म्हणाला, श्याम, चहात साखर चालते, बटण नाही. सगळे हसले. आजकाल बटणं कोण बनवतं कोण जाणे. धाग्यात कस नाही.

घरी येऊन पँट खुंटीला अडकवली. जेवलो.

४ फेब्रुवारी

चालायला गेलो नाही.

५ फेब्रुवारी

तसंच.

७ फेब्रुवारी

माणूस इतकं करतो आणि बटण दगा देतं. कोणासाठी चालायचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजची नोंद मोठ्या अक्षरात हवी होती.

सकाळी पँट चढवली. कंबर सैल. दोन बोटं आत जातात. कुंदाला दाखवलं. ती कणीक मळत होती, वर न बघता म्हणाली, हो की. असल्या बायकांमुळे पुरुष एकटे पडतात.

काट्यावर: ग्रॉस ८५.६. टेअर ३.१, कारण घाम गृहीत धरला. नेट ८२.५.

काटा एकीकडे, पँट दुसरीकडे. दोन स्वतंत्र साक्षीदार. संध्याकाळी शिरगावपर्यंत गेलो आणि न थांबता परत आलो.

१४ फेब्रुवारी

भगवान हळू आवाजात म्हणाला, साहेब, मीबी उतरलो. महिन्यात दोन किलो. काय न करता. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे थोडे खोल वाटले. प्रयत्न न करता वजन उतरणं हे चांगलं लक्षण नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, छातीचा एक्स-रे काढ. माणसांची काळजी घेणं हे ऑफिसरचं काम आहे.

२० फेब्रुवारी

पन्नास किलोच्या डब्यांची झाकणं बसत नाहीत. भगवान म्हणतो, साहेब, पूड वर येतेय, ठोकून ठोकून लावतो, तरी सांडते. काट्याखाली सगळा लाल रंग जमलाय. मी त्याला शास्त्र समजावलं. पूड फुगीर झाली आहे. तेच वजन, जास्त जागा. प्रॉडक्शनचा दोष.

हेमचंद्रला चिठ्ठी पाठवली.

२ मार्च

मीटिंग. जनरल मॅनेजर संतापलेले. यील्ड घटते आहे. जेवढा कच्चा माल आत जातो त्या मानाने डबे भरत नाहीत. हेमचंद्र म्हणतो, माझ्याकडून पूर्ण निघतो. मग माल जातो कुठे?

मी म्हटलं, डिस्पॅचमध्ये किलोकिलोचा हिशेब आहे. खरं तर मला त्याची कीव आली. त्याचा माल कमी होतो आहे, माझं वजन कमी होतं आहे. एकाच कारखान्यात दोन माणसं. फरक शिस्तीचा.

५ मार्च

कॅम्प एकमधले लेखराज शेठ आमचे जुने गिऱ्हाईक. कापड छापणाऱ्यांना रंग विकतात. आज टेम्पो घेऊन स्वतः आले आणि माझ्या टेबलावर मिठाईचा खोका ठेवला. म्हणाले, रणदिवे साईं, आजकल तुमचा माल एकदम फर्स्ट क्लास. मी विचारलं, रंग चढतो का नीट? ते म्हणाले, चढतो म्हणजे, साईं, संपतच नाही.

एकवीस वर्षांत डिस्पॅचचं कोणी कौतुक केलं नव्हतं. खोका परत करणं म्हणजे भावना दुखावणं.

मिठाई तळलेली नव्हती. नियम मोडलेला नाही.

६ मार्च

ग्रॉस ८४.२. टेअर ३.७. नेट ८०.५.

लोक आता विचारायला लागले आहेत. आस्थापना विभागाच्या नीलिमाबाई म्हणाल्या, साहेब, काय करता हो? मी म्हटलं, काही नाही, फक्त मोजतो. त्या म्हणाल्या, पण चेहऱ्यावर अजून दिसत नाही. चेहऱ्याचं शेवटी उतरतं, असं मी सांगितलं.

१२ मार्च

भगवानचा एक्स-रे आला. स्वच्छ. पण वजन आणखी घटलं आहे. त्याची बायको शालन रोज दोन अंडी खायला घालते. तो म्हणतो, साहेब, भूक तर चांगली आहे, मग जातं कुठं? मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. त्याने दोन दिवस रजा मागितली, दिली.

१९ मार्च

होळी झाली. लेखराज शेठकडून घीयर. सिंध्यांची होळीची मिठाई, ताटाएवढी जिलबी म्हणता येईल. एक घीयर अख्ख्या घराला पुरतं. कुंदा गोड खात नाही. हल्ली.

घीयर तळलेलं असतं, हे नंतर कळलं.

२३ मार्च

डॉक्टरांनी मधे तपासू नका म्हटलं होतं. पण ते सामान्य पेशंटसाठी. दहातले साडेसात किलो उतरवलेल्या माणसाला आपला निकाल बघायचा हक्क आहे. सकाळी उपाशीपोटी अंबरनाथला लॅबमध्ये रक्त दिलं. कुंदाला सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा आहे.

२४ मार्च

कोलेस्टेरॉल २८१. ट्रायग्लिसराइड ३८८. एचडीएल ३२.

लॅबवाल्याला विचारलं, नावात घोटाळा आहे का. तो म्हणाला, काल सकाळी तुम्ही एकटेच होता.

रक्त आपलं असतं, असं आपण समजतो.

२४ मार्च, संध्याकाळी

शिरगावच्या वाटेवर अर्ध्यात थांबलो. लख्ख आठवलं. डॉक्टरांचेच शब्द: झटपट उतरवलंत तर चरबी वितळताना कोलेस्टेरॉल काही दिवस चढतं. माझी चरबी वितळते आहे. ती जाणार कुठून? रक्तातूनच. मालाचं गोदाम रिकामं करायचं ठरलं की गेटवर टेम्पोंची गर्दी होते. ती गर्दी पाहून कोणी म्हणतं का, की गोदाम भरलं?

२८१ हा पुरावा आहे. वजन उतरताना एचडीएल थोडं घटतं, तेही ते बोलले होते बहुतेक. ट्रायग्लिसराइड मात्र सगळ्यात आधी खाली यायला हवं होतं. त्याचं नंतर पाहू.

पुढे शिरगावपर्यंत गेलो.

२६ मार्च

डॉ. मोटवानी. रिपोर्ट पाहून कपाळाला हात. म्हणाले, मना केलं होतं ना? मी गोदामाची उपमा दिली. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, कोलेस्टेरॉलचं मानून चालू, साहेब. पण वजन खरंच उतरत असेल तर ट्रायग्लिसराइड असं वर जात नाही. तो बेटा सगळ्यात इमानदार. जरा काट्यावर उभे राहा.

मी नकार दिला. सौजन्याने. शिक्का नसलेल्या काट्यावर उभं राहायचं नाही हे माझ्या व्यवसायाचं तत्त्व आहे. ते म्हणाले, ठीक आहे, तुमचा काटा काय म्हणतो? मी सांगितलं, नेट ऐंशी. ते माझ्या पोटाकडे बघत राहिले. डॉक्टरांनासुद्धा पेशंट बरा झालेला आवडत नाही.

५ एप्रिल, रविवार

काल पाडवा. श्रीखंड. कुंदाने वाटीऐवजी चमच्याने वाढलं. आज सिंध्यांचं नवं वर्ष, चेटीचंड. लेखराज शेठचा माणूस बदलापूरपर्यंत खोका घेऊन आला, घर शोधत, कात्रपमध्ये चार ठिकाणी विचारत. एवढा मान घरच्यांना दिसतो का? कुंदाने खोका शेजारी देऊन टाकला. मी म्हटलं, निदान विचारायचं. ती म्हणाली, विचारलं असतं तर दिला असतात?

शेजाऱ्यांनी संध्याकाळी बोलावलं, म्हणून गेलो. तिथे खोका उघडलेला होता.

१५ एप्रिल

माल चोरीला जातो आहे, असं वर ठरलं. गेटवर येताजाता पिशव्या तपासायला सुरुवात. वजनं परत न्यायचा विचार होता, पण आता नेली तर वॉचमन विचारणार, ही बाहेर कधी गेली? काही दिवस जाऊ द्यावे. पिठाच्या डब्यालाही त्यांची सवय झाली आहे.

संशय कामगारांवर आहे. भगवानची पिशवी रोज उलटी करतात. आज त्याच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्यालाही हात लावला. तो म्हणाला, साहेब, अंड्यात पूड भरून नेईन काय? मी वॉचमनला समज देणार होतो. राहिलं.

४ मे १९९२, सोमवार

ग्रॉस ८१.९. टेअर ४.९. (बूट, कपडे, वस्तू, जेवण, घाम, आणि शरीरातला ओलावा. पुडीचंही वजन कोरडं धरतात.) नेट ७७.

लक्ष्य ७८ होतं. एक किलो जास्तच उतरलो. ९ जूनला अजून महिना आहे.

बाबांचा फोटो पुसला. त्यांनी कधी वजन केलं नसावं.

५ मे

डिस्पॅचमध्ये पेढे वाटले. हेमचंद्रने एक घेतला, माझ्या कमरेकडे पाहिलं, आणि म्हणाला, श्याम, तुझं यील्ड जास्त आहे बाबा. मत्सर समजू शकतो.

भगवानने पेढा खिशात ठेवला, शालनला देतो म्हणाला. त्याच्या हिशेबाने तो सहा-सात किलो उतरला आहे. तिने गावच्या देवीला नवस बोलायचं मनात आणलं, मग आपण असलं मानत नाही हे आठवून रडली. मी त्याला धीर दिला.

१२ मे, मंगळवार

वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर आला. वार्षिक तपासणी.

त्याने विचारलं, कसोटीची वजनं कुठे आहेत? मी म्हटलं, तपासणीला. तो म्हणाला, कुठल्या? वजनांची तपासणी मीच करतो.

त्याच्या जीपमध्ये स्वतःचं वीस किलोचं वजन होतं. काट्यावर ठेवलं. भगवानने मोठ्याने वाचलं, सतरा किलो आठशे.

पुन्हा ठेवलं. सतरा आठशे.

फळी उचलली. खाली, काट्याच्या दांड्यांवर, चार महिन्यांची सांडलेली पूड दगडासारखी बसली होती. लाल. काटा दर शंभर किलोंमागे अकरा किलो खात होता. म्हणजे पन्नासच्या प्रत्येक डब्यातून छप्पन किलो गेले. म्हणजे हेमचंद्र खरं बोलत होता. म्हणजे चोर कोणी नव्हता.

म्हणजे ८१.९ म्हणजे ९२.

हा शेवटचा भागाकार मी मनात केला. कोणी विचारला नव्हता.

तेवढ्यात भगवान हसायला लागला. तोंडावर रुमाल धरून, पण थांबेना. जनरल मॅनेजर ओरडले, यात हसण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, माफ करा साहेब, म्हणजे मी आजारी नाय. मग पळत टेलिफोनकडे गेला. शालनला नाही, तिच्या चाळीतल्या किराणावाल्याला लावला, तिला बोलवा म्हणून.

१३ मे

लेखी खुलासा मागितला आहे. रजिस्टरमध्ये जानेवारीपासून रोज माझी सही आहे. सुवाच्य.

लेखराज शेठना फोन केला. म्हटलं, शेठ, डब्यात माल जास्त निघत होता, तुम्हाला कळलं असेल. ते म्हणाले, कळलं ना, साईं. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, मला वाटलं कंपनी दिलदार झाली. मिठाई पाठवली ना मी? तेच बोलणं होतं.

म्हणजे खोके पुडीचे होते. माझे नव्हते.

पुडीचे पैसे लावू नका, मिठाईचे पैसे मी धरत नाही, असंही म्हणाले.

१४ मे

तरी पँट राहते. काटा खोटा, माणसं खोटी, पण पँट सैल आहे. पँटला कोणी शिकवलं नाही. हा विचार सकाळपासून धरून होतो. दुपारी घरीच होतो, कारण जाऊन करायचं काही नाही. पँट उलटी केली. कमरेमागची शिवण उसवून आतलं दाबलेलं कापड सोडलेलं. नवा दोरा. दुसऱ्या पँटलाही. तिसऱ्यालाही.

कुंदाला विचारलं. तिने लपवलं नाही. म्हणाली, उल्हासनगरच्या शिंप्याकडून आणल्या करून. फेब्रुवारीत. पुन्हा एप्रिलमध्ये थोड्या.

मी म्हटलं, तूसुद्धा.

ती म्हणाली, अहो, बटण तुटलं तेव्हा आठवडाभर चालायला गेला नाहीत. आल्या आल्या झोपायचात. पँट सैल झाली त्या दिवशी शिरगावला जाऊन आलात. मला वाटलं, सैल वाटते तर वाटू दे. निदान चालतील.

मी विचारलं, आणि वजन? ती म्हणाली, मी धुते ना तुमचे कपडे. मला दिसत होतं. मग म्हणाली, मी रोज तारीख मोजत होते, तुम्ही किलो मोजत होतात.

चार महिने एका घरात दोघं मोजत होतो.

१५ मे

दोन्ही वजनं पिशवीत घालून परत नेली. वॉचमनने पिशवी उघडली, बघितली, काही विचारलं नाही. तोवर सगळ्या कंपनीला माहीत होतं.

२२ मे

डिस्पॅच हेमचंद्रकडे. मला स्टेशनरी आणि कँटीनची कुपनं. इथे काटा नाही.

८ जून, सोमवार

डॉ. मोटवानी. कुंदा बरोबर. स्वतःहून काट्यावर उभा राहिलो. ९१.५. कपड्यांसकट. मी काही निदर्शनास आणलं नाही. डॉक्टर वाट बघत होते.

नवा रिपोर्ट: कोलेस्टेरॉल २८४, ट्रायग्लिसराइड ४०२, एचडीएल ३१.

मी म्हटलं, चार महिने चाललो, डॉक्टर. ते म्हणाले, म्हणूनच ९१ वर थांबलात, नाहीतर शंभर झाले असते. मग म्हणाले, एक गोष्ट चांगली आहे. वजन उतरूनही हे आकडे चढले असते तर मला विचारात पडावं लागलं असतं. हे तर चढल्यामुळे चढलेत. म्हणजे उतरलात तर उतरतील. पाच-सहा किलोंतच ट्रायग्लिसराइड ऐकेल बघा. आणि ही गोळी घ्यायची. आणि मिठाई? मी म्हटलं, आता येत नाही.

बाहेर आल्यावर कुंदा म्हणाली, बसने जायचं की स्टेशनपर्यंत चालत? चालत गेलो. मधे दोनदा थांबलो. तिने दोन्ही वेळा चप्पल नीट केली.

९ जून, मंगळवार

एकोणपन्नास पूर्ण.

सकाळी कुंदाने औक्षण केलं. गोड म्हणून अर्धा चमचा साखर, तीही मोजून. भगवान येऊन गेला, शालनने दिलेली सहा अंडी घेऊन. मी म्हटलं, अरे, मला बलक चालत नाही. तो म्हणाला, पांढरं तुम्ही खा साहेब, पिवळं वहिनींना. तो कंपनीत जायला निघाला. त्याचं वजन चौसष्ट. नव्या काट्यावर. कधी बदललंच नव्हतं.

मग आंघोळीला गेलो. पाणी अंगावर घेतलं. बराच वेळ बाहेरून आवाज नाही. मीच विचारलं, आहेस का?

हो, म्हणाली. दाराशीच होती.

कडी लावली नव्हती.